हाताचा वास, तोंडाचा वास

ज्या बाईला जगातल्या यच्चयावत गोष्टींची शिसारी येते, तिनं नेमकं बूट शिवणाऱ्याच्या घरात नांदायला यावं, याला काय म्हणावं! गल्लीत तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला शीवहिनी म्हणत. दुधावर साय दिसली, शी. शेजारणीनं ओल्या हातानं कडी धरली, शी. दुकानदारानं बोट चाटून कागद उलटला की हिचा अर्धा दिवस वाया. नाकावर माशी बसू देत नाही असं आपण म्हणतो; ही बाई समोरच्याच्या भिंतीवर माशी बसली तरी आपली भिंत पुसून घ्यायची.

आणि घर कसलं? पुढच्या खोलीत कारखाना, मागं स्वयंपाक, वर चामडं ठेवायचा माळा. कच्च्या चामड्याचा वास, रंगाचा वास, आणि सगळ्यांच्या वर बसलेला सोल्युशनचा. सोल्युशन म्हणजे तळ चिकटवायचं ते पिवळट, तारा सुटणारं, डोक्यात जाणारं प्रकरण. डबा उघडला की नवख्या माणसाचे डोळे पाणावायचे. नवी नवरी पहिले आठ-दहा दिवस नाकाला पदर लावून जेवली. घास तोंडाशी न्यायचा तर पदर काढावा लागे, पदर काढला की घास जाईना. सासरा हसून म्हणाला, ''सूनबाई, हा वास नव्हे, हा आपला पगार आहे. थोडे दिवस कळ काढ. येईनासा होईल.''

आणि खरंच येईनासा झाला! नाकच ते, थकून बसलं. पुढं पुढं माहेरची माणसं यायची, दारातच कपाळ धरायची, ''काय गं बाई, डोकं चढलं.'' तर ही निरागसपणे विचारायची, ''कशानं?''

तिचं लग्न झालं तेव्हा धाकटा दीर शाळेत होता. आई नसलेलं पोर. हिनं पहिल्याच रविवारी त्याला मोरीत बसवून कानामागचा मळ असा काही घासला की त्याची बोंब गल्लीच्या टोकापर्यंत गेली. पण त्या दिवसापासून पोरगं हिच्या पाठीशी चिकटलं ते चिकटलंच. थोरल्या भावानं हात उगारला की वहिनीच्या मागं लपायचा. हिला पुढं मूलबाळ झालं नाही. कुणी त्यावरून काही बोललं, तर ती धाकट्याकडं बोट दाखवायची, ''हा आहे की, रेडीमेड.''

पुढं सासरा गेला, धंदा दोघा भावांवर आला, आणि धाकटा मोठा होऊन कारागीर निघाला तो असातसा नाही. थोरला हाताचा पक्का, पण धाकट्याची नजर म्हणजे फूटपट्टीच. एकदा एक जाडजूड गिऱ्हाईक आलं, ओल्या पायानं आत शिरलं, आणि बसून म्हणालं, ''घ्या माप.'' धाकटा म्हणाला, ''घेतलं.'' ''कधी?'' ''तुम्ही फरशी घाण केलीत ना, तेव्हा. डावा पाय जरा फताडा आहे.'' गिऱ्हाईक आधी चिडलं, बूट पायात गेल्यावर वरमलं, आणि पुढं आपले सगळे मेहुणे घेऊन आलं.

शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. जन्मापासून एक पाय आखूड. आयुष्यभर हेलकावे खात चाललेल्या. त्यांना धाकट्यानं बूट करून दिला, एका पायाचा तळ थरावर थर चिकटवून उंच केलेला. बाई उभ्या राहिल्या, चालल्या, आणि एकदम खुर्चीत बसून रडायलाच लागल्या. म्हणाल्या, ''माझा खांदा सरळ झाला हो!'' त्या दिवशी वहिनीनं घरातल्या घरात मिरवून घेतलं.

आणि अशा माणसाला वाळवी लागली.

गालफडं बसली, नाकपुड्या लाल झाल्या, ओठांच्या कडेनं पुटकुळ्या उठल्या, त्यातून लस यायची. बोलता बोलता उगाच हसायचा, आणि हसता हसता कुठं थांबायचं ते विसरायचा. ''चामडं निवडतो'' म्हणून माळ्यावर जायचा आणि उतरताना शिडी चाचपडायचा. वहिनी म्हणायची, ''सर्दी मुरलीय भाऊजींच्या अंगात.'' मग पातेल्यात उकळतं पाणी, डोक्यावरून चादर, आणि वाफारा. ज्यानं आपला श्वासच नासवलाय, त्याला ही माऊली रोज समोर बसवून सांगायची, ''घ्या, खोल श्वास घ्या!'' आणि तो चादरीआड फिदीफिदी हसायचा.

दुसऱ्या कुठल्याही घरात तो पहिल्याच आठवड्यात सापडला असता. बेकरीवाल्याच्या मुलाच्या तोंडाला सोल्युशनचा वास आला असता, तर बापानं जागच्या जागी कानाखाली वाजवली असती. पण इथं उशीच्या अभ्र्याला तोच वास, मिठाच्या बरणीला तोच. तो कुणाला कळणार? एका माणसाला मात्र कळलं होतं, समोरच्या न्हाव्याला. त्याच्या खुर्चीत धाकटा दाढीला बसायचा, तोंड अगदी जवळ. तो वात्रट माणूस काय करायचा? वस्तऱ्याला धार लावता लावता विचारायचा, ''काय धाकटे शेठ, आज विमान कुठल्या गावाला?'' खुर्च्यांवरचे सगळे खो खो हसायचे. धाकटाही हसायचा. हसणारे ते, आणि घरी येऊन एक शब्द सांगणारा त्यातला कुणी नाही! पुढं वहिनीनं न्हाव्याला फैलावर घेतलं, तेव्हा म्हणतो कसा, ''मला वाटलं तुम्हाला माहीत असणार. तुमच्या घरातलाच माल की!''

इकडं कारखान्यात वेगळंच सुरू झालं. बूट तोंड वासायला लागले. नवा बूट घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत यायचं, तळ लोंबत असायचा. ''कारागीर, तुमचा बूट जांभया देतोय बघा.'' थोरला मुळात शब्दाचा माणूस. त्याच्या हातून गेलेला बूट उसवणं म्हणजे त्याचं नाक कापल्यासारखं. त्यानं दोष कुणाला दिला? सोल्युशन विकणाऱ्या टकल्या काकांना. भर बाजारात त्यांच्या दुकानासमोर उभा राहून ओरडला, ''भेसळ करतोस! लोकांच्या पायांशी खेळतोस!''

काका म्हातारे, दम्याचे. ते म्हणत राहिले, ''अरे दादा, डबा बंद होता, तूच माझ्यासमोर घेतलास.'' ऐकतंय कोण? थोरल्याचं नाव एवढं की सगळ्या बाजारानं काकांकडून माल घेणं सोडलं. त्यांनी अर्धं दुकान भाड्यानं देऊन टाकलं आणि उरलेल्या अर्ध्यात माश्या मारत बसले.

मग गणिताच्या बाई पडल्या. शाळेचा जिना चढत होत्या. उंच तळाचा खालचा थर पायरीवरच राहिला आणि बाई खाली आल्या. खुब्याचं हाड मोडलं. मागंपुढं कुणी नाही, बाई एकट्या. वहिनी म्हणाली, ''आपल्या बुटानं पडल्या, मी जाते त्यांच्याजवळ.'' आणि ही शीवहिनी, जिला दुधावरची साय सोसत नव्हती, ती रुग्णालयात राहून परक्या बाईचं भांडं उचलायला लागली. शी म्हणायलासुद्धा उसंत नव्हती.

आता गंमत बघा. गंमत कसली, दैवाची थप्पडच ती. रुग्णालयात फिनेल होतं, औषधं होती, धुतलेल्या चादरी होत्या, सोल्युशन नव्हतं. तिचं नाक, इतकी वर्षं झोपलेलं, हळूहळू जागं व्हायला लागलं. एके दिवशी पार त्या टोकाच्या खाटेवर कुणी तरी संत्रं सोललं आणि हिला इकडं त्याचा वास आला. ती उठून उभीच राहिली. दुपारी थोरला डबा घेऊन आला, तर ही मागं सरकली. ''अहो, केवढा वास तुमच्या हातांना!''

थोरला हसला. ''आज कळलं होय? इतकी वर्षं संसार करून?''

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन धाकटा आला. हात स्वच्छ, साबणानं धुतलेले. डबा खाटेखाली ठेवायला वाकला, मान वर करून म्हणाला, ''वहिनी, कधी येताय घरी? करमत नाही.'' आणि त्या श्वासाबरोबर ते आलं. उग्र, गोडसर, कुजक्यासारखं.

''भाऊजी, इकडं या. आ करा.''

''काय वहिनी, मी काय लहान आहे?''

''आ करा म्हणते ना!''

त्यानं गंमत समजून तोंड उघडलं. हिरड्या सुजलेल्या, जिभेवर पांढरट थर, ओठांच्या कोपऱ्यात चिरा. कानामागचा मळ काढणाऱ्या या बाईनं त्या तोंडाच्या आत इतक्या दिवसांत डोकावलंच नव्हतं.

''हाताला साबणाचा वास, तोंडाला सोल्युशनचा. तळ तोंडानं चिकटवता का तुम्ही?''

''घरभर तोच वास असतो, वहिनी. तुमच्याही तोंडाला येत असेल.''

वहिनी तडक खाटेवरच्या बाईंकडं वळली. ''बाई, राग मानू नका. माझ्या तोंडाला येतो का हो वास?''

बाईंनी पडल्या पडल्या नाक वर केलं. ''तुमच्या नाही. ह्यांच्या येतो. बूट घालून बघायला मला बसवायचे ना, तेव्हापासून येतो. मी समजले, धंद्याचा असेल.''

धाकट्याचं हसू तोंडावरच वाळलं. मग सुरू झालं, ''थोडंसंच घेतो, वहिनी. डोकं शांत होतं. सोडणारच होतो. दादाला सांगू नका, तुमची शपथ.''

''माझी शपथ काय डब्यात भरून ठेवलीय, हवी तेव्हा घ्यायला? खरं सांगा, डबा कमी व्हायचा तो कुणाला दिसला कसा नाही?''

तो फरशीकडं बघत म्हणाला, ''पातळ करायचं थिनर ओतायचो. भर म्हणून.''

आता कळलं तळ का सुटत होते ते. खाटेवर मोडून पडलेल्या बाईंनाही कळलं. धाकटा त्यांच्या पायांकडं वाकला, तशा बाई कडाडल्या, ''हात लावू नका, आधीच मोडलाय! माफी घेऊन मी काय करू? माझे वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहेत. मला तिथं पोचवा, मग बोलू.''

वर्गात त्या पुन्हा कधीच पोचल्या नाहीत, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. हाड जुळलं, पण जिना सुटला, आणि जिन्याबरोबर नोकरी.

वहिनी त्या रात्रभर विचार करत बसली. थोरल्याला सांगावं, तर तो याला उभ्या उभ्या घराबाहेर काढणार. बाहेर काढला की हा गटाराच्या कडेला कुठंतरी मरणार. न सांगावं, तर आपल्याच माळ्यावर मरणार. तिला एकच हवं होतं. ज्या पोराला तिनं मोरीत बसवून धुतलं, ते तिच्या छपराखाली जगायला हवं होतं. सकाळी तिनं थोरल्याला निरोप धाडला, ''आत्ताच्या आत्ता या.''

थोरल्यानं ऐकून घेतलं आणि सरळ म्हणाला, ''खोटं. माझ्या भावाचं नाव घेऊ नकोस. दोष त्या टकल्याचा आहे.''

''मग घरचा डबा घ्या आणि त्यांच्याच दुकानात जा. त्यांना नवा डबा फोडायला सांगा. शेजारी शेजारी ठेवून बघा. मी काही बोलत नाही.''

सोल्युशन पारखायची रीत कारागिरांची ठरलेली. बोट बुडवायचं आणि वर उचलायचं. चांगल्या मालाची तार हातभर लांब सुटते, तुटत नाही. थोरल्यानं काकांच्या नव्या डब्यात बोट बुडवलं, हात डोक्याच्या वर नेला, तार लोंबत राहिली. घरच्या डब्यात बुडवलं, आणि पाण्यासारखा थेंब टपकन् पडला. काकांनी नुसतं फडकं पुढं केलं, बोट पुसायला. थोरला बाजाराच्या मध्यावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ''चोर माझ्या घरात आहे. काकांचा माल खरा आहे.'' पण गेलेलं गिऱ्हाईक असं हाकेला परत येतं होय? काकांचं उरलेलं अर्धं दुकानही त्या वर्षात बंद पडलं.

माळा झाडायला वहिनी स्वतः चढली. तिथं जे निघालं ते सांगताना आजही तोंड वाकडं होतं. चामड्याच्या गठ्ठ्यांमागं प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग, आतून सोल्युशनची साल धरलेल्या, चुरगळलेल्या, थुंकीनं चिकटलेल्या. एका कोपऱ्यात वाळलेली ओकारी, तिच्यावर चामड्याचा तुकडा टाकून झाकलेली. आणि चामडं भिजवायच्या टाकीत, जिच्यातलं पाणी थोरला रोज चामड्यावर शिंपडायला ओंजळीनं घ्यायचा, तिच्या तळाशी आणखी पिशव्या, बुळबुळीत. वहिनी शिडीवरून उतरली ती थेट मोरीत.

थोरल्यानं त्याला हाकललं नाही. हाकलायला निघाला होता, बकोटीला धरून दारापर्यंत नेलाही होता. पण धाकट्याचे पाय एकमेकांत अडकत होते, त्याला धड चालताच येत नव्हतं. ते बघून थोरला त्याला तसाच धरून व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेला.

तिथं तो बरेच महिने राहिला. सुटायच्या वेळी वहिनी आणायला गेली. डॉक्टर म्हणाल्या, ''डोक्याच्या आणि हातापायांच्या नसांना धक्का बसलाय. काही भरून येईल, काही नाही. हात कापत राहील. आठवण धरेल, सुटेल. पण आता पुन्हा नशा नको. घरी काय काम करता तुम्ही?''

''बूट करतो.''

''सोल्युशन लावून?''

''त्याशिवाय कसे होतील?''

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ''मग दारुड्याला सोडवून दारूच्या भट्टीतच झोपवायचं म्हणा की!''

वहिनी घरी आली आणि कामाला लागली. कारखाना उचलला, नाल्यापलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये नेला. माळा मोकळा केला. उशा जाळल्या, मिठाची बरणीसुद्धा फेकली. भिंती खरवडल्या, फरशी सोड्यानं घासली, चुना मारला. शेजारणी म्हणाल्या, ''शीवहिनी आता गल्लीच धुवून काढणार!'' घर असं झालं की पावसाआधीच्या मातीचाही वास यावा. मग धाकट्याला आणला.

एकाच गोष्टीचा तिनं विचार केला नव्हता. थोरला. तो दिवसभर शेडमध्ये काम करून घरी आला, हात धुऊन उंबऱ्यात पाय टाकला, आणि कोपऱ्यात बसलेला धाकटा मान वर करून हुंगायला लागला. डोळे मोठे झाले, तोंडाला पाणी सुटलं, खरोखरची लाळ हनुवटीवर आली. कुत्र्यासमोर हाड धरावं तसा तो सख्ख्या भावाच्या हाताकडं सरकत गेला. वहिनीनं ते बघितलं. तिनं नवऱ्याच्या छातीला हात लावून त्याला मागं ढकललं. ''बाहेर व्हा!''

तेव्हापासून थोरला शेडमध्येच झोपतो. त्याचं अंग, त्याचे कपडे, त्याचे केस, सगळं धंद्यानं भरलेलं. रॉकेलनं धुतलं तरी जात नाही. धंदा सोडावा, तर तिघांनी खायचं काय आणि केंद्राच्या औषधांचं काय? जेवायला मात्र तो घरी येतो. घरी म्हणजे बाहेरच्या पायरीवर. वहिनी ताट बाहेर देते. समोरून न्हावी बघतो. आता तो विमानाबद्दल काही विचारत नाही, वस्तरा पुसत राहतो.

एका संध्याकाळी थोरला पायरीवर ताट घेऊन बसला. दार किलकिलं होतं.

''जेवला का तो?''

''जेवला. चमचा धरवत नाही, मी भरवलं.''

''जरा दार उघड की. लांबून बघतो.''

''हात धुतलेत?''

''कातडी निघेपर्यंत.''

तिनं वाकून त्याच्या खांद्याचा वास घेतला, बाजारात भाजी पारखावी तसा. मान हलवली. ''नाही. येतोय.''

आतून धाकट्याचा आवाज आला, ''दादा आलाय का?''

''हो रे, इथंच आहे मी.''

''दादा, गणिताच्या बाईंचा बूट राहिलाय. मी आज थर चढवतो. त्यांना शाळेत जायचं असेल.''

थोरल्याचा घास हातातच राहिला. हे धाकट्यानं कालही म्हटलं होतं, परवाही. बाई पडल्या, मोडल्या, घरी बसल्या, त्यांच्या घरी वहिनी अजून आठवड्याला पाणी भरायला जाते. यातलं त्याच्या डोक्यात काहीही उरलेलं नव्हतं. अपराधसुद्धा डोक्यातून धुऊन निघालेला. फेडायचं कुणी? ज्याला आठवतंय त्यानं.

''मी करतोय तो बूट,'' थोरला म्हणाला. ''तू पड.''

''सोल्युशन नीट लाव हं. पातळ झालं तर तळ सुटतो.''

वहिनीनं दातावर दात दाबले. तिला त्याची इतकी किळस आली, इतकी, की क्षणभर वाटलं, दार सताड उघडावं, दोघांनाही रस्त्यावर काढावं आणि कडी लावून एकटीनं झोपावं. मग तिनं नवऱ्याच्या ताटात आणखी भात वाढला, पाण्याचा तांब्या पायरीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. स्वतः आत राहिली, धाकट्याच्या बाजूला.